कूस बदलली की नाही, हे कोण सांगणार? बेडसोर रोखण्यासाठी वॉर्डात सेन्सर आणताना

रात्री साडेतीनच्या राउंडला एका बेडवरची गादी मला जरा जास्तच खाली बसलेली वाटली. वाकून पाहिले तर एअर बेडचा, म्हणजे पंपाने हवा भरायच्या गादीचा, पंप बंद. प्लग काढून त्या जागी नातेवाइकांनी मोबाइल चार्जिंगला लावला होता. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना. चार्टवर मात्र दर दोन तासांनी ‘कूस बदलली’ अशी नोंद होती. सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेल्या. सकाळी पाठ पाहिली तेव्हा माकडहाडावर जांभळट डाग उमटला होता. बेडसोरची, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, ही सुरुवात.

त्या नातेवाइकावर किंवा रात्रीच्या सिस्टरवर ओरडून मला काही मिळणार नव्हते. अठरा पेशंट, दोन सिस्टर, एक मावशी, आणि बारा वाजता आलेली एक सीरियस ॲडमिशन. कूस बदलायची राहून गेली आणि ती राहिली हे सांगणारे कोणी नव्हते. सेन्सरकडे मी वळले ती एवढ्याच कारणासाठी. पुढचे लिखाण आहे ते ज्या वॉर्डात अशी यंत्रे आणायचे घाटते आहे, किंवा आणून कपाटात पडली आहेत, तिथल्या इन्चार्ज सिस्टरसाठी, मेट्रनसाठी आणि खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्या डॉक्टरांसाठी.

एक आधीच सांगते. यंत्र पेशंटला वळवत नाही. कोणाला वळवायचे राहिले, एवढेच ते ओरडून सांगते. त्या ओरडण्याला ओ देणारा माणूस ठरलेला नसेल तर पैसे घालू नका.

आधी आपल्या वॉर्डाचा आकडा काढा

यंत्राचा डेमो बघण्याआधी एक दिवस ठरवा. सकाळच्या स्पंजिंगची वेळ उत्तम, कारण तेव्हा पेशंटचे कपडे काढलेलेच असतात. दोन सिस्टरनी मिळून वॉर्डातल्या प्रत्येकाची कातडी बघायची: डोक्याची मागची बाजू, कान, खांद्याची पाती, कोपरे, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा. शिवाय जिथे जिथे नळी किंवा पट्टा टेकतो ती प्रत्येक जागा. बायपॅपच्या (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) मास्कखालचा नाकाचा दांडा, ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे, नाकातून पोटात जाणाऱ्या रायल्स ट्यूबच्या कडेला नाकपुडी, लघवीची नळी (कॅथेटर) मांडीखाली गेला असेल तर मांडी. डायपर न उघडता ‘स्किन इंटॅक्ट’ लिहिणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत, आणि तरुणपणी मीही ते केले आहे.

डाग सापडला की तीन गोष्टी लिहा: कुठे आहे, कोणत्या पायरीचा आहे आणि घरून आला की आपल्याकडे झाला. पहिल्या पायरीत कातडी शाबूत असते, पण लाल जागा बोटाने तीन सेकंद दाबून सोडली तरी पांढरी पडत नाही. दुसरीत साल निघते किंवा पाण्याचा फोड येतो. तिसरीत चरबी दिसते, चौथीत स्नायू, कंडरा किंवा हाड. काळ्या खपलीने तळ झाकला असेल तर पायरी ठरवता येत नाही, तसेच लिहा. कातडी न फाटता जांभळा-काळपट डाग दिसला तर ती खोलवरची इजा. हिच्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवा, कारण ती दोन-तीन दिवसांत एकदम उघडी पडू शकते. बेडसोरविषयीच्या अमेरिकेतल्या सल्लागार मंडळाने २०१६ साली ‘प्रेशर अल्सर’ ऐवजी ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द घेतला. जखम दिसण्याआधीच इजा झालेली असते, आणि या लेखातली सगळी यंत्रे त्या दोहोंमधल्या वेळेवर नजर ठेवून बनवलेली आहेत.

घरून आणलेला बेडसोर ॲडमिशनच्याच शिफ्टमध्ये नोंदवा. नातेवाइकांना दाखवून, त्यांची संमती घेऊन, शेजारी मापपट्टी ठेवून फोटो काढा. नंतरचे निम्मे भांडण तिथेच मिटते.

आता हिशोब. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच मंडळासाठी हा आकडा द्यावाच लागतो: भरती झाल्यावर झालेले नवे बेडसोर, दर १,००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस भरती, म्हणजे एक पेशंट-दिवस). समजा महिन्यात ६०० पेशंट-दिवस भरले आणि तीन नवे बेडसोर झाले, तर दर झाला ५. तीन महिन्यांचा असा दर हातात असल्याशिवाय यंत्राने काही फरक पडला की नाही, हे कधीच कळणार नाही. आणि व्यवस्थापनाला आधीच बजावून ठेवा की पहिल्या महिन्यात आकडा वाढेल. बेडसोर वाढलेले नसतात, बघणारे डोळे वाढलेले असतात. हे आधी सांगितले नाही तर तो वाढलेला आकडा घेऊन कोणीतरी तुमच्याच केबिनमध्ये येते.

सेन्सर कोणाला लावायचा

सगळ्यांना नाही. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये मांडलेली ब्रेडन स्केल यासाठी पुरते. संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण-घसरण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३ मध्ये येते. १८ किंवा त्याहून कमी आली की धोका, १२ किंवा कमी म्हणजे जास्त धोका. सेन्सर मोजके असतील तर १२ किंवा कमी गुणांच्यांपासून सुरुवात करा.

पण बेरजेवर विसंबू नका. एकूण १७ गुण आहेत, पण हालचालीला एकच, अशी अर्धांगवायूची बाई माझ्या दृष्टीने १३ गुणांच्या, हळूहळू का होईना स्वतः कुशीवर होणाऱ्या आजोबांपेक्षा जास्त धोक्यात आहे. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनलिन चालू असलेले, भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवलेले, मणक्याला मार लागलेले आणि खुब्याच्या फ्रॅक्चरचे ऑपरेशनची वाट पाहणारे पेशंट गुण न मोजताही यादीत घ्या.

कोणते यंत्र नेमके काय पाहते

कंपनीचा माणूस ‘बेडसोर प्रिव्हेन्शन सिस्टिम’ म्हणून चार वेगळ्या जातीची यंत्रे दाखवतो.

पहिली जात अंगावर चिकटवायच्या सेन्सरची. छातीच्या मधल्या हाडावर चिकटवतात. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरवणारा जो घटक असतो तोच यात असतो. शरीर किती अंशात कललेले आहे, किती वेळ तसेच आहे, हे तो नर्सिंग स्टेशनच्या स्क्रीनवर पाठवतो. पेशंट स्वतः वळला तर घड्याळ आपोआप नव्याने सुरू होते, हा मोठा फायदा, कारण झोपलेल्या माणसाला विनाकारण उठवावे लागत नाही. या जातीच्या यंत्राचा सर्वांत चांगला पुरावा स्टॅनफर्डच्या आयसीयूंमधल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून आला. १,३०० च्या वर पेशंट. सेन्सर सगळ्यांना लावले, पण स्क्रीन फक्त एका गटाच्या नर्सना दिसत होती. ठरल्याप्रमाणे कूस बदलण्याचे प्रमाण त्या गटात ६७ टक्के, दुसऱ्यात ५४ टक्के. नवे बेडसोर ०.७ टक्के विरुद्ध २.३ टक्के. मला यातला ६७ हा आकडा जास्त बोलका वाटतो. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी, डोळ्यासमोर स्क्रीन असूनही, एक तृतीयांश वेळा कूस बदलायची राहिलीच.

दुसरी जात दाब मोजणाऱ्या चादरीची. शेकडो बारीक सेन्सरचे जाळे गादीवर अंथरतात आणि स्क्रीनवर पेशंटचा रंगीत नकाशा दिसतो: जास्त दाब लाल, कमी दाब निळा. शिकवण्यासाठी याला तोड नाही. उशी चार बोटे सरकवली की माकडहाडावरचा लाल ठिपका पिवळा होतो, हे नव्या सिस्टरला एकदा दाखवले की दहा लेक्चरचे काम होते. मात्र चादर मोजते तो कातडी आणि गादी यांच्यातला दाब, हाडाजवळचा नव्हे. याहून जास्त दाब पडला की कातडीचा रक्तपुरवठा थांबतो म्हणून पुस्तकात आपण पाठ केलेला ३२ मिलिमीटरचा (पाऱ्याच्या) आकडाही १९३० मध्ये लँडिस यांनी निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत मोजलेला आहे. रक्तदाब कोसळलेल्या सेप्सिसच्या (अंगभर पसरलेल्या संसर्गाच्या) पेशंटला तो लावून ‘३० आहे, म्हणजे सुरक्षित’ असे म्हणू नका.

तिसरी जात कातडीखालचा ओलावा मोजणाऱ्या हातातल्या स्कॅनरची. इजा सुरू झाली की पेशींतून पाणी झिरपते आणि कातडीखाली बारीक सूज येते. स्कॅनर माकडहाडावर आणि टाचेवर शेजारशेजारच्या जागी टेकवून वाचने घ्यायची आणि त्यातला फरक बघायचा. एका अभ्यासात डोळ्याला डाग दिसण्याच्या सुमारे पाच दिवस आधी या स्कॅनरने इशारा दिला. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने मात्र २०२० मध्ये ‘आशादायक आहे, पण सरसकट वापरावे इतका पुरावा नाही’ असा निर्वाळा दिला. मला तरीही तो आपल्याकडे महत्त्वाचा वाटतो. पहिल्या पायरीची ‘लाली’ गोऱ्या कातडीवर दिसते. सावळ्या-काळ्या कातडीवर ती जांभळट, कधी आजूबाजूपेक्षा नुसती गडद दिसते, कधी दिसतच नाही. म्हणून स्कॅनर नसला तरी बोटांनी बघा: शेजारच्या जागेपेक्षा ती जागा गरम आहे का, थंड आहे का, टणक लागते का, लिबलिबीत लागते का, हात लावल्यावर पेशंट तोंड वाकडे करतो का. टॉर्चच्या उजेडात, कातडी किंचित ओली करून.

चौथी जात गादीखाली सरकवायच्या पट्टीची. नाडी, श्वास आणि हालचाल ती अंगाला न चिकटता टिपते. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत ही वाढते आहे, पण तिचा मूळ उद्देश पेशंट बिघडतो आहे का ते कळणे हा आहे. कूस कोणती, किती अंशांत, किती वेळ, हे ती सांगते का, असे स्पष्ट विचारून घ्या.

एअर बेड या यादीत नाही, कारण तो काहीच पाहत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,०२९ पेशंटच्या ब्रिटिश चाचणीत चांगल्या दर्जाच्या फोमच्या गादीपेक्षा तो निर्विवाद सरस ठरला नव्हता. ‘एअर बेड आहे ना, मग वळवायला कशाला हवे’ हे वाक्य ज्या वॉर्डात ऐकू येते तिथे बेडसोर हमखास सापडतात. प्रत्येक शिफ्टला हात पालथा नव्हे तर उताणा करून पेशंटच्या माकडहाडाच्या जागी गादीखाली घाला. वरची गादी इंचभरही जाड लागत नसेल तर पेशंट पलंगाच्या फळीवरच झोपला आहे असे समजा. आणि सॉकेटला लाल चिकटपट्टी लावून नातेवाइकांसाठी चार्जिंगचा बोर्ड वेगळा द्या. या दोन गोष्टींचा खर्च शंभर-दोनशे रुपये.

वेळापत्रक

आपल्याकडे शिफ्ट साधारण ८, २ आणि ८ ला बदलतात, आणि कूस बदलायच्या वेळाही आपण शिकलो तशा समच: ८, १०, १२, २. म्हणजे नेमकी हँडओव्हरच्या वेळी कूस बदलायची. जाणारी म्हणते येणारी करेल, येणारी म्हणते करून गेली असेल. सेन्सरची स्क्रीन पहिल्याच आठवड्यात हे उघडे पाडते. उपाय सोपा: वेळा विषम करा. ७, ९, ११, १, ३. हँडओव्हर आपोआप मोकळा होतो.

दोन तासांचा नियमही देवाने लिहिलेला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांना चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवून पाहिले; २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. ते आयसीयूतले पेशंट नव्हते, म्हणून आयसीयूत दोन तासच ठेवा. वॉर्डातल्या मध्यम धोक्याच्या, बऱ्या गादीवरच्या आजींना मात्र रात्री तीन तासांची झोप मिळू द्यायला हरकत नाही. डॉक्टरांशी बोलून प्रत्येक पेशंटचा अवधी वेगळा ठरवा आणि यंत्रात तसाच भरा.

यंत्रात आणखी दोन आकडे भरावे लागतात: किती अंश कलले की ‘वळला’ म्हणायचे आणि किती मिनिटे तसे राहिले की ती कूस धरायची. पाठीमागे उशी सारून दोन मिनिटांत ती निसटली, तर दाबलेल्या जागी रक्त परत आलेलेच नसते. आम्ही २० अंश आणि १५ मिनिटांपासून सुरुवात केली. वळवताना लक्ष्य ३० अंशांचेच ठेवा. पूर्ण ९० अंशांवर कुशीवर टाकले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

इशारा कोणासाठी

बेडजवळ वाजणारा भोंगा बंद ठेवा. आयसीयूत आधीच मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप ओरडत असतात. त्यात आणखी एक आवाज कोणाच्या कानात शिरत नाही. इशारा स्क्रीनवर रंगाने दिसू द्या आणि पुढची साखळी कागदावर लिहून भिंतीला लावा. वेळ होण्याआधी पंधरा मिनिटे पिवळा: त्या बेडच्या सिस्टरने मावशीला किंवा मामांना बोलवायचे. वेळ झाली की लाल. लाल होऊन अर्धा तास गेला तर शिफ्ट इन्चार्जने स्वतः हात लावायचा. चौकशी नंतर, हात आधी.

स्क्रीन मावशींनाही वाचता आली पाहिजे. निम्मे वळवणे त्यांच्या हातून होते आणि इंग्रजी डॅशबोर्ड फक्त साहेबांना दाखवायला लावला जातो. बेड नंबर मोठा, डावी-उजवी-पाठ अशी चित्रे, तीन रंग, एवढे पुरे.

प्रत्येक इशाऱ्यामागे धावत सुटलात तर चार दिवसांत सगळे दमतील. दोघांची जोडी ठरवा. ठरलेल्या वेळी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल, वळवेल, डायपर पाहील, टाच बघेल. सेन्सरचे काम या फेरीतून सुटलेल्यांना पकडणे. एखाद्या पेशंटचा रक्तदाब वळवताच पडत असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू, थोड्या थोड्या अंशांनी कलवा आणि न वळवण्याचे कारण लिहून ठेवा. ‘अनस्टेबल’ हा शब्द तीन-तीन दिवस तसाच पुढे सरकत राहू नये. प्रत्येक शिफ्टला पुन्हा प्रयत्न व्हायला हवा.

सेन्सर जिथे फसतो

छातीवरच्या सेन्सरला छातीच कळते. खांदा वळला, कंबर तशीच पाठीवर राहिली, तरी स्क्रीन हिरवी. हे मी इतक्या वेळा पाहिले की वळवून झाल्यावर माकडहाडाखाली हात घालून तिथे पोकळी आहे का ते बघायची सवयच लावून घेतली. तुम्हीही लावा.

टाचांबद्दल तो काहीही सांगत नाही. पोटरीखाली लांबवर उशी द्या, गुडघा किंचित वाकलेला, टाच हवेत. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवायची आपली जुनी युक्ती, रबराची गोल रिंग, लाल जागेवर स्पिरिट-पावडर चोळून मसाज, या तिन्ही गोष्टी आता सोडा. रिंगच्या कडेचा दाब मधल्या जागेचे रक्त तोडतो आणि चोळण्याने आधीच दुखावलेली ऊती आणखी फाटते.

घसरणेही त्याला दिसत नाही. व्हेंटिलेटरच्या पेशंटचे डोके ३० अंशांच्या वर ठेवायचे हे न्यूमोनियासाठी बरोबर, पण डोके वर केले की पेशंट खाली सरकतो: हाड खाली जाते आणि कातडी चादरीला चिकटून वरच राहते. म्हणून आधी गुडघ्याकडचा भाग उचला, मग डोके. खाली सरकलेल्याला काखेत धरून ओढू नका, ड्रॉ शीटने, म्हणजे अंगाखालच्या आडव्या चादरीने, दोघांनी उचला.

ओल, घाम, जुलाब, उपाशीपोट, रक्तातले कमी झालेले प्रथिन (अल्ब्युमिन), यातले काही सेन्सरला कळत नाही. आणि सेन्सरची चिकटपट्टी, बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा (एसपीओटूचा) क्लिप, मास्कचा पट्टा हे स्वतःच इजा करू शकतात. दर शिफ्टला क्लिपचे बोट बदला, मास्कखाली डोकवा, सेन्सर वाकडा किंवा उलटा लागलेला नाही ना ते बघा. उलटा लागला तर डावी कूस उजवी दिसते आणि पेशंट दिवसभर एकाच खुब्यावर राहतो.

चार आठवडे, सहा बेड

सगळ्या वॉर्डाला एकदम लावू नका. सहा बेड घ्या. पहिला आठवडा स्क्रीन झाकून ठेवा, नुसते मोजा. तो तुमचा खरा आजचा हिशोब. मग स्क्रीन उघडा. दर सोमवारी पंधरा मिनिटे बसून फक्त दोन प्रश्न विचारा: लाल सर्वांत जास्त कोणत्या तासाला आणि त्या तासाला वॉर्डात काय चालले होते? कोणाची शिफ्ट होती, हा प्रश्न विचारू नका. ज्या दिवशी तो अहवाल मेमो द्यायला वापरला जाईल, त्या दिवसापासून सिस्टर स्क्रीन हिरवी ठेवायला शिकतील. उशी खुपसून २१ अंश करणे अवघड नसते.

एका पहाटे ३ ते ५ मध्ये सलग लाल दिसले तेव्हा कारण निघाले ते सॅम्पलचे. सहाला लॅबचा माणूस येतो म्हणून सगळ्या सिस्टर त्या वेळी रक्त काढण्यात गुंतलेल्या. लॅबची वेळ तासभर पुढे ढकलली. कोणत्याही सेन्सरपेक्षा हा बदल स्वस्त पडला.

खरेदीच्या टेबलावर

किंमत विचारताना यंत्राची विचारू नका, एका पेशंटच्या एका दिवसाची विचारा. चिकटवायचा सेन्सर किती दिवस चालतो, पेशंट हलवला तर परत वापरता येतो का, वाय-फाय गेले किंवा लाइट गेली तर मधल्या नोंदी राहतात का, एमआरआयला जाताना काढायचा का. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. नोंदणीचा कागद मागा आणि त्यात लिहिलेला उद्देश वाचा. नाडी मोजण्यासाठी नोंदलेले यंत्र बेडसोरच्या नावाने गळ्यात मारले जाऊ नये. पेशंटची माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते, करार संपल्यावर ती कोण पुसतो, हेही करारात लिहून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यामुळे उद्या त्याचे उत्तर हॉस्पिटललाच द्यावे लागेल.

पैसे एवढेच असतील की सहा सेन्सर किंवा रात्रीसाठी एक जादा मावशी, तर मी मावशी घेईन. मावशी असेल आणि तरीही कुशी चुकत असतील, तेव्हा सेन्सर.

डिस्चार्जच्या दिवशी सेन्सर निघतो आणि पेशंट घरी सुनेच्या किंवा मुलाच्या हाती जातो. त्यांना जाण्याआधी दोनदा स्वतःच्या हाताने वळवायला लावा. मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावून द्या, भिंतीवर चिकटवायला डावी-पाठ-उजवी असा हाताने काढलेला तक्ता द्या, आणि रोज अंघोळीच्या वेळी माकडहाडाचा एक फोटो त्याच जागेवरून, त्याच उजेडात काढायला सांगा. डाग गडद होतोय किंवा जागा गरम-टणक लागतेय असे वाटले तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता वॉर्डाच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरात लिहा.